कथा ‘कुठेतरी वाचल्यासारखी’ वाटते? दोष शोधायचा कसा, काढायचा कसा

तक्रार नेहमी त्याच शब्दांत येते. दिवाळी अंकाला पाठवलेली कथा परत येते आणि सोबत एक ओळ असते: ‘भाषा चांगली आहे, पण कथा ओळखीची वाटते.’ लिहिणाऱ्याला काय करावं कळत नाही. त्याने कुठून उचललेलं नसतं. नोकरी सांभाळून, रात्री जागून, मनापासून लिहिलेलं असतं. मग तो दुसरी कथा लिहितो, विषय बदलतो, आणि तीही तोच शेरा घेऊन परत येते.

गोव्यात फोंड्याला आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा बसतो आणि एकमेकांच्या कथा वाचतो. मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. हा शेरा आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळालाय, मलाही. तो का मिळतो आणि त्यावर काय करता येतं, याबद्दल आम्हाला जे सापडलं ते इथे लिहिते.

आधी बघा, दोष खरंच आहे का

कथाबीज जुनं असणं हा दोष नाही. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने शंभर लोककथा तपासून १९२८ साली दाखवून दिलं की त्यांतल्या सगळ्या घडामोडी एकतीस प्रकारांत बसतात. घर सोडणं, मनाई मोडणं, मदतनीस भेटणं, परत येणं असे ते प्रकार. तेव्हा ‘मला एकदम नवं कथानक सुचलं पाहिजे’ हा हट्ट सोडून द्या. त्या हट्टापायी चांगली माणसं लिहायची थांबलेली मी पाहिली आहेत.

आपल्याकडे याचा विचार फार आधी झालाय. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने म्हटलं की दोन कवींच्या रचनांत साम्य असतंच, पण ते तीन तऱ्हांचं असतं. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखं, ज्याला स्वतःचा जीवच नाही. दुसरं चित्रासारखं, ज्यात जीव असल्याचा भास आहे. तिसरं दोन जिवंत माणसांच्या चेहऱ्यांत असतं तसं. पहिली दोन टाळावीत, तिसऱ्याला भिऊ नये, असं त्याचं म्हणणं. रसाचा स्पर्श झाला की आधी पाहिलेले अर्थही वसंतातल्या झाडांसारखे नवे दिसतात, असंही तो सांगतो. झाड तेच, पालवी या वर्षीची. माझ्या मते आपल्या दुखण्याचं इतकं अचूक निदान दुसऱ्या कोणी केलेलं नाही. तुमची कथा दुसऱ्या कथेची बहीण असेल तर काही बिघडत नाही. ती आरशातली असेल तर मात्र काम करावं लागेल.

आता हे ओळखायचं कसं? पेडण्यात जत्रेला दशावतार बघायला बसलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. आख्यान कोणतं, जिंकणार कोण, वध कोणाचा होणार, हे मांडीवर झोपलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी लोक थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत हलत नाहीत. दशावताराची संहिता लिहिलेली नसते, नट संवाद जागेवर बोलतो. त्यामुळे शेवट पाठ असला तरी आजचा राजा आज काय उत्तर देईल हे कोणालाच माहीत नसतं. वाचकाचंही तसंच आहे. शेवट कळला म्हणून तो पुस्तक मिटत नाही. पुढचं वाक्य आधीच कळायला लागलं की मिटतो.

म्हणून आमची चाचणी साधी आहे. कथा एकदाही न ऐकलेल्या माणसाला बसवायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायची. प्रत्येक पान संपलं की थांबायचं आणि विचारायचं, ‘पुढे काय?’ तो जे सांगेल ते कागदावर लिहायचं, वाद घालायचा नाही. ‘आता हा घर विकणार नाही,’ एवढं त्याने ओळखलं तर काळजी करू नका. पण ‘आता पेटी उघडेल, पेटीत पत्र असेल, पत्राची शाई पुसट झालेली असेल’ इथपर्यंत तो आला, तर दोष पक्का. आणि तो कुठल्या पानावर आहे तेही कळलं.

हे उपाय करून झाले असतील, ते चालत नाहीत

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: उलटं करायचं. छळणाऱ्या सासूच्या जागी देवमाणूस सासू. पण हा तोच कपडा उलटा करून घातलेला असतो, शिवण तीच दिसते. सासू पहिल्या पानावर नको इतकी गोड वागली की वाचक तिसऱ्या पानावरचा कळवळा ओळखतो.

दुसरा उपाय धक्क्याचा. शेवटच्या परिच्छेदात कळतं की ते स्वप्न होतं, किंवा बोलणारा माणूस केव्हाच वारलेला होता. यावर वेळ घालवू नये.

तिसरा उपाय आपल्या गोव्यातल्या लेखकांचा खास आहे आणि फसवा आहे: स्थानिक रंग चढवणं. बल्कांवात, म्हणजे दाराबाहेरच्या ओसरीत, बसलेली आजी, पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, पोफळीच्या कुळागरातला गारवा, शिगम्याचा ढोल. हे सगळं खरं आहे, आपल्या रोजच्या जगण्यातलं आहे. पण कथा जर त्याशिवाय जशीच्या तशी सांगलीत किंवा संगमनेरात घडू शकत असेल, तर तो नुसता रंग आहे. मी स्वतः बरीच वर्षं असंच लिहीत होते आणि मला वाटायचं की माझ्या कथा गोव्याच्या आहेत.

दोष नेमका कुठे बसलेला असतो

माझ्या अनुभवात दोष कथानकात नसतो. कथानकातल्या एखाद्या वळणावर असतो. तिथे लिहिणाऱ्याने ‘इथे काय घडेल?’ असं विचारलेलंच नसतं. हात आपोआप वळलेला असतो, रोजच्या रस्त्यावर स्कूटर वळते तसा. एक उदाहरण जवळून दाखवते.

आमच्यातली एक मुलगी डिचोलीची आहे, बँकेत नोकरी करते. तिच्या परवानगीने तिच्या कथेची सुरुवात देते:

‘बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता. वीस वर्षांनंतर तो आज पुन्हा त्या पायऱ्या चढत होता. गंजलेलं कुलूप करकरत उघडलं. आतून तोच ओळखीचा वास आला, आजीच्या लुगड्याचा.’

वाचून दाखवलं, थांबलो. पाच जणांनी पेटी सांगितली, दोघांनी पत्र. ती रडवेली झाली. म्हणाली, “बाई, मी कुणाचंच घेतलं नाही हो. आमचं सत्तरी तालुक्यातलं घर असंच आहे.”

मी तिला म्हटलं, “असंच आहे ना? मग मला सांग, वीस वर्षं ते उभं कसं राहिलं?”

ती गप्प झाली. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मातीच्या भिंतींचं कौलारू घर दोन-तीन पावसाळे बिनमाणसाचं राहिलं तर काय होतं हे सत्तरीच्या मुलीला सांगायला नको. एक कौल सरकतं, वाशावर पाणी ठिबकतं, वासा कुजतो, वाळवी लागते, पाखं खाली बसतं आणि मग भिंत विरघळते. दर मे महिन्यात कोणालातरी छपरावर चढून कौलं चाळावी लागतात. म्हणजे वीस वर्षं कोणीतरी चढत होतं. कोण? त्याला पैसे कोण देत होतं? पंचायतीची घरपट्टी कोण भरत होतं? किल्ली कुणाकडे होती?

“शेवंताकाकीकडे,” ती म्हणाली. आणि मग बराच वेळ तीच बोलत राहिली. शेजारच्या काकी, त्यांचा मुलगा, त्या घराच्या ओट्यावर त्यांनी वाळत घातलेल्या सुपाऱ्या, मागच्या खोलीत ठेवलेली त्यांची भाताची पोती. तिच्या घरच्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि काकींनी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिने नवी सुरुवात आणली:

‘किल्ली घ्यायला त्याला आधी शेजारी जावं लागलं. शेवंताकाकीने ती कमरेच्या कनवटीतून काढून दिली आणि विचारलं, “किती दिवस रवतलो रे?” कुलूप एका झटक्यात उघडलं. हाताला काहीतरी लागलं. त्याने वास घेतला. खोबरेल.’

पाऊस गेला, करकर गेली, लुगड्याचा वास गेला. परत येणारा मुलगा, बंद घर, जुनी माणसं, सगळा साचा जागच्या जागी आहे. तरी आता ‘पुढे काय?’ म्हटल्यावर पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या. कुलपाला वीस वर्षं तेल घालणाऱ्या बाईचा त्या घरावर काही हक्क आहे का, हा प्रश्न वाचकाच्या मनात न लिहिता येऊन बसला.

तेव्हापासून आम्ही अडलेल्या वळणावर हेच विचारतो: खर्च कोणी केला, सही कोणाची लागली, किल्ली कोणाकडे होती, दिवस कोणता होता. भावनेबद्दलचे प्रश्न आम्ही मुद्दाम नंतर घेतो, कारण भावनेच्या प्रश्नाला तयार उत्तरं फार लवकर हाताशी येतात.

गोव्याचा कायदाच काही साचे मोडतो

सही या प्रश्नाने आम्हाला सगळ्यात जास्त दिलं. मराठी कथेत एक ठरलेला प्रसंग आहे: रागावलेला बाप मृत्युपत्र करतो, मोठ्या मुलाला बेदखल करतो, सगळं धाकट्याच्या नावावर. गोव्यातल्या कथेत हे लिहायच्या आधी थांबा. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली वारसाची पद्धत आहे, आणि २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही तिचा गाभा ठेवलाय. माणसाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेपैकी फक्त अर्धा भाग मनासारखा देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, मुलगे-मुली सारख्याच. कायद्यात सांगितलेलं गंभीर कारण असल्याशिवाय तो हिरावून घेता येत नाही. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. घर विकायचं तर दोघांची सही.

याचा कथेवर काय परिणाम होतो बघा. बाप मुलाला तोडू शकत नाही. मुलगा वीस वर्षं बोलला नाही तरी बाप गेल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण, घालताना त्याला नोटीस जाणारच. तो येणार, आणि त्याची बायकोही येणार, जिला हे घर कधी कोणी नीट दाखवलेलंही नसेल. पण तिची सही नसेल तर धाकट्या भावाचा व्यवहार अडतो. आजवर आपल्या कथांत ती कपबशा उचलायला आत-बाहेर करत होती. आता सगळे तिच्याकडे बघताहेत. हा प्रसंग मला कोणी शिकवला नाही, कायद्याने हातात दिला.

तेच पळून जाऊन केलेल्या लग्नाचं. दोघं पळतात, डोंगरावरच्या देवळात हार घालतात, कथा संपते. गोव्यात नुसत्या हारांनी कायद्याने लग्न होत नाही. तालुक्याच्या निबंधकाकडे जाऊन सही करायची, मग हरकतींसाठी काही दिवस थांबायचं, मग पुन्हा जाऊन दुसरी सही. ‘सह्या झाल्या का?’ हा आपल्याकडे लग्नघरातला पहिला प्रश्न असतो. पळणाऱ्या जोडप्याला एका रात्रीचं धाडस पुरत नाही. त्यांना पहिली सही करून घरी परत यावं लागतं, आईच्या हातचं जेवावं लागतं आणि दुसऱ्या सहीची वाट बघावी लागते. त्या मधल्या दिवसांवर कथा लिहा. आणि उलट बाजूही आहे. रीतीने ठरलेल्या लग्नात दोन्ही सह्या होऊन जातात, हळद सहा महिन्यांनी असते, आणि मध्येच मन फिरतं. दोघं एक दिवसही एका छपराखाली राहिलेले नाहीत, पण कायद्याने नवरा-बायको आहेत आणि सुटायला कोर्टाची पायरी चढावी लागते. या दुःखाला आपल्या कथेत अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

भाटकार, म्हणजे जमीनमालक, रात्रीतून मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, सामान बाहेर फेकतो हा प्रसंगही अजून येत राहतो. १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला. त्यानंतरच्या काळातली कथा असेल तर झगडा मामलेदाराच्या कचेरीत नेऊन बघा, जिथे भाटकाराचा नातू आणि मुंडकाराचा नातू एकाच बाकावर तारखेची वाट बघत बसलेत.

साचा शिळा कधी होतो: काळ पुढे गेला आणि कथा मागे राहिली

खाणपट्ट्यातल्या कथा वाचताना हे फार जाणवतं. लाल धूळ, ट्रकांची रांग, शेतात उतरलेला गाळ, हताश म्हातारा शेतकरी. हे दुःख खरं होतं आणि ज्यांनी ते पहिल्यांदा लिहिलं त्यांनी मोलाचं काम केलं. पण सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. अंगणात उभे राहिलेले टिपर, त्यांच्यावर चढलेल्या वेली, बँकेचे हप्ते, बार्जवरून घरी बसलेली माणसं. शेत वाचलं म्हणून सुटकेचा श्वास सोडणारा थोरला भाऊ आणि कर्जात बुडालेला ट्रकवाला धाकटा एकाच ताटाभोवती बसलेले असतात. कोण बरोबर, हे आता सोपं नाही. आपल्या कथेतला म्हातारा मात्र अजून २००८ सालच्या धुळीतच उभा असतो. त्याला त्या वर्षातून बाहेर काढा, एवढंच करायचं असतं कधीकधी. कथेतल्या प्रसंगाचं वर्ष समासात लिहून ठेवायची सवय लावून घ्या. मी लिहिते.

साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डीचंही तसंच. मे महिन्यात पाणी उतरतं, गाव वर येतं, जुने कुर्डीकर जमतात, देवळाचा उत्सव होतो. यावर लिहिणारा प्रत्येक जण ‘आठवणींचा पूर’ लिहितो. मी विचारेन, बावीस वर्षांचा नातू, ज्याचा जन्मच पुनर्वसनाच्या वसाहतीतला, तो त्या उन्हात दिवसभर काय करतो?

देवचार आणि भीती

भयकथा लिहिणाऱ्या मित्रांना एक विनंती. देवचाराला पडद्यावरच्या भुतासारखं झाडामागून बाहेर काढू नका. गावात त्याला राखणदार म्हणतात. त्याला रोट देतात, वाटेत अंधार पडला तर त्याचं नाव घेतात. वेताळाला तर काही गावांत चामड्याच्या वहाणा देतात, आणि रात्री फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. जो आपली राखण करतो त्याला आपण काही देणं विसरलो, ही भीती किंकाळीपेक्षा कितीतरी खोल आहे आणि ती आपली आहे.

जे दुरुस्त करायचं नाही, काढूनच टाकायचं

इथे मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. कथानकाचा साचा वेगळा आणि माणसांवर मारलेला शिक्का वेगळा. गिटार वाजवणारा, सतत प्यायलेला, बेफिकीर ख्रिस्ती शेजारी. मोडकं मराठी बोलून हसवणारी मासळीवाली. सगळे गुण असलेली आणि सोसत राहणारी थोरली जाऊ. परप्रांतातून आलेला आणि म्हणून संशयास्पद मजूर. यांना ‘ताजं’ कसं करायचं असं मला विचारतात. करू नये. ती माणसंच नाहीत, दुसऱ्या कोणीतरी केलेले मुखवटे आहेत, आणि त्यांच्यामुळे शेजारच्या खऱ्या माणसांना त्रास होतो. ते पात्र काढा आणि त्या जागी तुम्हाला माहीत असलेला एक माणूस आणा, ज्याचं सकाळी सहा ते नऊ काय चालतं हे तुम्ही सांगू शकता. तसा एकही माणूस ओळखीचा नसेल तर आधी ओळख करून घ्या, कथा थांबेल.

दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर

मग तो तुमच्या हातात बसलाय. आपल्या जुन्या पाच कथा एकत्र ठेवा आणि प्रत्येकीचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचा. मी वाचले तेव्हा बहुतेक कथांत कोणीतरी दिवा लावत होतं. तुळशीपुढे, देवघरात, एकदा तर दिवे गेलेल्या इस्पितळात. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण प्रत्येक दिवा मी मनापासून लावला होता. त्यानंतर मी एक वही केली. तिच्यात माझी सवयीची वळणं लिहिलेली आहेत: दिवा, न पाठवलेलं पत्र, स्टेशनवरचा निरोप, ‘आणि तिला रडू फुटलं’. नवी कथा झाली की वहीशी ताडून बघते. वळण सापडलं तर लगेच खोडत नाही. आधी किल्ली, खर्च, सही, दिवस हे चार प्रश्न विचारते. त्यांतून ते तरलं तर राहू देते. एक दिवा असाच राहिलाय, कारण त्यातलं तेल उसनं आणलेलं होतं आणि कोणाकडून ते महत्त्वाचं होतं.

डिचोलीच्या मुलीची कथा अजून पुरी झालेली नाही. शेवंताकाकीच्या मुलाने त्या घरात मागच्या बाजूला स्वतःच्या पैशाने दोन वासे बदलले होते, हे तिला गेल्या महिन्यात गावी जाऊन विचारल्यावर कळलं. ते कथेत आणायचं की नाही, यावर तिचं आणि तिच्या आईचं भांडण झालंय. दोन्ही मसुदे घेऊन ती येत्या रविवारी येणार आहे.